उन्हाळ्यात टायरात हवा कमी ठेवावी का?

"उन्हाळ्यात लांब जाताना टायरात हवा चार-पाच पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर तापून फुटतो," हा मेसेज बेळगाव-निपाणी भागातल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतोय.

ऐकायला पटतं, कारण तापल्यावर टायरातला दाब वाढतो हे खरंच आहे. पण किती? टायर दर १० अंशांनी तापला की २८ पीएसआयच्या टायरात जेमतेम दीड पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, बोलण्यातला 'पॉइंट' तोच). शिवाय कंपनीचा आकडा थंड टायरचाच असतो. ही वाढ त्यात धरलेली असते.

खरा धोका उलट्या बाजूनं येतो. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, सुटते, आणि त्यानंच रबर तापतं. वर डबलसीट, बॅगा, हायवेचा वेग. ट्यूबवाल्या चाकात तर टायर रिमवर सरकून ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटू शकते. तिथं पॅच धरत नाही. चोर्ला घाटात असं झालं तर नवी ट्यूब कुठून आणणार?

तपासणं सोपं आहे. बेळगावातून निघण्याआधी, टायर थंड असताना गेजनं मोजा आणि गाडीवरच्या स्टिकरशी ताडा (डबलसीटचा आकडा बहुधा वेगळा असतो). संकेश्वरला चहाला थांबलात की पुन्हा मोजा. आकडा थोडा चढलेला दिसेल. ती हवा काढू नका, टायर गार झाला की आकडा आपोआप उतरतो.