मशाल पिवळी का पडते?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या राजवाड्यासमोर फोटो काढायचा म्हणजे कॅमेऱ्याचा कस लागतो. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही थांबल्या, पण मिल कामगारांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, दरवर्षी निघतातच. एलईडींनी लखलखणारे देखावे, त्यांच्यापुढे मशाली फिरवणारी आखाड्यातली पोरं, आणि मागे राजवाडा. त्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. ते वरचे चार मजले त्या झगमगाटात जवळजवळ अंधारातच असतात. आपल्या डोळ्यांना मशालही दिसते आणि लाकडावरचं कोरीवकामही.

घरी येऊन फोटो उघडला तर मशालीची ज्वाळा लिंबासारखी पिवळी, आणि कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ. आमच्या काकांचा एकेकाळी फोटो स्टुडिओ होता. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ज्वाळा अशी नसते रे. आतून पांढरी असते, कडेला केशरी. हा पिवळा आला कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी फोटो-सॉफ्टवेअरमधल्या एका प्रयोगावस्थेतल्या हत्याराची चाचणी घेत बसलो, आणि त्यात दोन आठवडे कसे गेले कळलं नाही.

कॅमेऱ्याचा सेन्सर उजेड सरळ मोजतो. उजेड दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, अशा १६,३८४ पायऱ्या असतात. पडद्याची गोष्ट वेगळी. त्याचा पांढरा रंग ठरलेला असतो, त्याच्यापलीकडे तो जाऊच शकत नाही. छापील कागद तर आणखी कंजूस: चांगल्या चकचकीत कागदावरचं पांढरं हे काळ्याच्या साधारण शंभरपट उजळ. प्रत्यक्ष दृश्यात मशालीचा गाभा आणि लाकडी सज्ज्याखालची सावली यांत कित्येक हजारपटींचा फरक असतो. हजारोंचा पसारा शेकड्यात बसवायच्या या कामाला टोन मॅपिंग म्हणतात.

आता मशालीचा एक ठिपका घेऊ. समजा, पडद्याचं पांढरं म्हणजे १, आणि या ठिपक्यात लाल ४, हिरवा १.५, निळा ०.१ आहे. हा झाला केशरी. पडदा १ च्या वर काही दाखवत नाही, म्हणून जास्तीचं कापून टाकलं तर उरतं लाल १, हिरवा १, निळा ०.१. लाल आणि हिरवा समसमान म्हणजे पिवळा! काकांना खटकलेला पिवळा हाच. तो मशालीत कधी नव्हताच, कापाकापीत तयार झाला.

कापण्याऐवजी वाकवलं तर? २००२ साली एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पद्धतीच्या मुळाशी एक साधं सूत्र आहे: आकड्याला, त्यातच १ मिळवून भागायचं. मूळ सूत्र एकूण उजेडासाठी आहे. तेच तिन्ही रंगांना वेगवेगळं लावलं तर ४ चा ०.८ होतो, १.५ चा ०.६, ०.१ चा ०.०९. काहीच कापलं गेलं नाही, कडेची रेघही गेली. पण लाल आधी हिरव्याच्या पावणेतीन पटींजवळ होता, तो आता जेमतेम सव्वापटीच्या वर राहिला. केशरी पुन्हा पिवळ्याकडे सरकला. उजेड अजून चौपट केला तर आकडे येतात ०.९४, ०.८६ आणि ०.२९, म्हणजे जवळजवळ शुद्ध पिवळा. तिन्ही रंगांना असं वाकवणारं सूत्र, म्हणजे वक्र, स्वतंत्र लावला की गडद रंग असेच घसरतात आणि लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, किरमिजी या सहांपैकी एकाकडे ओढले जातात. झांकीवरचे निळे दिवे फोटोत आकाशी होतात तेही याच कारणाने.

मग तिन्ही रंगांचं प्रमाण तसंच ठेवून सगळे एकत्र खाली आणले तर? मी तेही केलं. रंग अगदी बरोबर आला, पण मशाल विझली. केशरी घोटीव कागद चिकटवल्यासारखी ती दिसायला लागली. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथे आहे: पडद्याच्या मर्यादेत एखादी वस्तू स्वतः उजळतेय असं वाटायचं असेल, तर तिने गाभ्याशी आपला रंग सोडून पांढऱ्याकडे जायला हवं. रंगही पूर्ण हवा आणि झळाळीही पूर्ण हवी, हे पडद्यावर जमत नाही.

जुन्या फिल्मला ही रीत आपसूक साधत असे. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये फोटोच्या काचेच्या प्लेटवर पडणारा प्रकाश आणि तिथे येणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो: खाली पायथा, मध्ये सरळ चढ, वर खांदा. खांद्यापाशी उजेड हळूहळू दमत जातो, एकदम तुटत नाही. शिवाय रंगीत फिल्मच्या थरांत एका रंगाचा थोडा अंश दुसऱ्यात मिसळायचा.

मी तपासलेल्या हत्याराच्या नावातच फिल्म आहे: एजीएक्स. एजी म्हणजे चांदी, एक्स म्हणजे हॅलोजन. फिल्मवर असतं ते सिल्व्हर हॅलाइड. ट्रॉय सोबोत्का यांची ही कल्पना. ब्लेंडर या मुक्त थ्रीडी सॉफ्टवेअरने २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून तिला मूळ सेटिंगचा मान दिला. फोटोंसाठीच्या डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फिल्मिक आणि सिग्मॉइड ही टोन मॅपिंगची दोन हत्यारं होतीच, त्यांच्या जोडीला हे आलं. मी वापरलं तेव्हा ते चाचणीसाठी बनणाऱ्या आवृत्तीत होतं.

त्याची युक्ती वक्राच्या आधी चालते. तिन्ही रंग आधी एकमेकांत थोडे मिसळले जातात. खरं गणित बारीक आहे, सोपं करून सांगतो. प्रत्येक रंगात त्याचा ८० टक्के भाग ठेवा आणि उरलेल्या दोघांचा दहा-दहा टक्के घाला. आपल्या ठिपक्याचे आकडे होतात ३.३६, १.६१ आणि ०.६३. राइनहार्डच्या सूत्रातून काढले की ०.७७, ०.६२, ०.३९. उजेड चौपट केला तर ०.९३, ०.८७, ०.७२. निळा आता मागे पडत नाही, म्हणून ठिपका पिवळ्यात न अडकता उबदार पांढऱ्याकडे जातो. मिसळताना फिका पडलेला रंग वक्रानंतर थोडा परतही देता येतो, आणि मूळ रंगांना किंचित फिरवून घसरण सावरता येते.

चाचणीत मी एक पथ्य पाळलं: फोटो छान दिसतो का, हे विचारायचंच नाही. एकच रॉ फाइल, एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं ते), एका वेळी एकच हत्यार सुरू. मग एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, एकेका स्टॉपने, म्हणजे दर वेळी दुप्पट करत न्यायचं आणि रंग कोणत्या वाटेने पांढऱ्यापर्यंत पोचतो ते बघायचं. प्रयोगाची आवृत्ती वापरणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: तिची सेटिंग्जची फोल्डर वेगळी ठेवा आणि फोटोंच्या प्रतींवरच काम करा. अशा आवृत्त्यांत आज केलेलं काम उद्या वेगळं दिसू शकतं, आणि नव्या आवृत्तीने उघडलेला डेटाबेस जुनीला परत वाचता येत नाही.

मशाल पहिल्याच फेरीत पास झाली. निळ्या दिव्यांनी मात्र छळलं. या एलईडीचा प्रकाश इतका अरुंद पट्ट्यातला असतो की रंगांचं रूपांतर करताना लाल किंवा हिरव्याचा आकडा शून्याखाली जातो. ऋण उजेड जगात नसतो, पण फाइलमध्ये असतो, आणि तिथे दिव्याभोवती काळपट कडा उमटते. रंग आधी मिसळल्यामुळे असे बरेच आकडे वर आले. दिव्याचा गाभा फिकट निळसर पांढरा झाला आणि भोवतीचा निळा निळाच राहिला.

याची किंमत मोजावी लागते ती साध्या रंगांत. आखाड्याचे भगवे झेंडे पहिल्या सेटिंगला धुवट वाटले, म्हणून रंग परत देणारा स्लायडर बराच पुढे न्यावा लागला. फार नेला की झेंड्यांबरोबर मशालही परत पिवळी व्हायला लागते. मी थांबलो त्या जागी झेंडे किंचित फिके आहेत, आणि मला ते मान्य आहे.

राजवाड्याचं लाकूड वक्राच्या पायथ्याच्या हाती. काळ्याची सीमा हत्याराला आपोआप शोधायला सांगितली, तर सावलीतले दाणे (सेन्सरची खरखर) हीच माहिती समजून ते फार खोल गेलं आणि वरचे मजले राखाडी धुक्यासारखे झाले. सीमा हाताने दीड स्टॉप वर आणली तेव्हा सज्ज्यांखालचा काळोख परत आला, आणि त्यात कोरलेल्या खांबांच्या कडा तेवढ्या उरल्या.

काकांना पाच प्रती दाखवल्या, कोणती कशाने केली ते न सांगता. त्यांनी एजीएक्सची उचलली, पण बोट मशालीवर ठेवलं नाही. ते वरच्या मजल्यावर होतं. "डार्करूममध्ये हे एवढं काढायला मी तारेला पुठ्ठा लावून सावली धरायचो," ते म्हणाले, "दहा सेकंद, हात हलवत." मग विचारलं, कागदावर कधी काढतोस?

कागदासाठी वक्र परत वाकवावा लागणार आहे. मशालीचा गाभा तिथे किती उरतो, ते छापून आल्यावरच कळेल.