मीठ आधी, मीठ नंतर

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालायचं ते अगदी पानं वाढताना, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आधी घातलं की पाणी सुटतं आणि काकडी वाडग्यात पोहायला लागते. ग्रीसमध्ये मात्र दही-काकडीचाच पदार्थ करताना मीठ सगळ्यात आधी लावतात. पदार्थाचं नाव जाजिकी. दोन्ही ज 'जाड'मधले. हे नाव तुर्की 'जाजिक'वरून आलं. तिथला ज 'जग'मधला, आणि तिकडचा पदार्थही बहुधा पातळच. ग्रीकांना तो घट्ट लागतो, कारण भाजलेल्या मांसाबरोबर पिता रोटीत गुंडाळला तरी तो ओघळता कामा नये.

म्हणजे सगळा खेळ पाण्याचा. काकडीत सुमारे 95 टक्के पाणीच असतं. किसताना फुटलेल्या पेशींतलं पाणी लगेच गळतं, पण न फुटलेल्या पेशी ते धरून बसतात. मीठ चोळलं की पेशींबाहेर खारट द्राव तयार होतो. पेशीचं आवरण पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही. म्हणून आतलं पाणी बाहेरच्या खारट बाजूकडे ओढलं जातं. हेच परासरण. एका काकडीला अर्धा चमचा मीठ लावा, अर्ध्या तासाने मुठीत घट्ट पिळा. कोशिंबिरीतही हेच घडतं, फक्त आपण त्याला वेळ मिळू देत नाही. शिवाय आपलं दाण्याचं कूट थोडंफार पाणी पिऊन टाकतं, ही सोय ग्रीकांकडे नाही.

आता दही. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण एरवी ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 6.6 वरून 4.6 च्या आसपास उतरतो, भार संपतो आणि कण एकमेकांना चिकटून जाळं विणतात. दही म्हणजे या जाळ्यात अडकलेलं पाणी. फडक्यात बांधून टांगलं की ते आपल्याच वजनाने ठिबकतं आणि उरतो तो चक्का. ग्रीक दही म्हणून डब्यात महाग मिळतं, ते या चक्क्याचंच थोडं ओलसर भावंड. श्रीखंडासाठी रात्रभर टांगतो, इथे तीन-चार तास पुरे. घाईने पुरचुंडी दाबू मात्र नका. जाळं तुटतं आणि दहीच फडक्यातून बाहेर येतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती लसणाची. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात ॲलीन हे द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचलं की दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत झणझणीत ॲलिसिन तयार होतं. झाडाचं हे किडींविरुद्धचं हत्यार. आपण त्याची चटणी करतो. सामू 3 च्या खाली गेला की हे विकर निकामी होतं. म्हणून लसूण थेट लिंबाच्या रसात किसला तर तिखटपणा उतरतो, आणि आधी ठेचून पाच मिनिटांनी रस घातला तर पुरता चढतो. दोन वाट्या चक्क्याला एक पाकळी पुष्कळ झाली.

मग पिळलेली काकडी, दोन चमचे ऑलिव्ह तेल, थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि चिरलेला शेपू. हो, शेपूच! नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी सायप्रसची वाट धरावी; तिथे पुदिना घालतात. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या आणि चाखल्याशिवाय वर मीठ घालू नका, काकडीत ते आहेच.

पिळून निघालेलं हिरवट पाणी थालीपिठाच्या पिठात छान खपतं. तिथेही मिठाचा हात जरा आखडताच ठेवा.