घायपात, कागदी लिंबू आणि हापूस : फळांच्या मार्गारिटामागचा इतिहास

चैत्री पौर्णिमेची जोतिबाची यात्रा झाली की कोल्हापुरात उन्हाळा अंगावर येतो. शाळांना सुट्ट्या लागतात, पुण्या-मुंबईची भावंडं घरी येतात, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंज्या पडतात. पन्हं असतं, कोकम सरबत असतं, कलिंगडाच्या फोडी असतात. अलीकडे त्यांच्या जोडीला ताज्या फळांची मार्गारिटाही दिसायला लागली आहे. कुठं दारू घालून, कुठं दारूशिवाय, पण काठाला मीठ-तिखट लावलेल्या ग्लासातच. ती बघून घरातली जुनी माणसं म्हणतात, हे कुठलं परदेशी खूळ आणलंत? पेय परदेशी आहे, यात वाद नाही. पण त्यातल्या एकेका जिनसाचा माग काढत गेलं तर वाट कधी आपल्या बांधावरून जाते, कधी आपल्या आमराईतून निघते. म्हणून हा सगळा इतिहास नीट सांगावासा वाटतो.

मूळ मार्गारिटात तीनच गोष्टी असतात : टकिला ही मेक्सिकन दारू, संत्र्याच्या सालीच्या स्वादाचं लिकर (गोड दारू) आणि लिंबाचा रस. ती पहिल्यांदा कुणी केली याचे दावेदार भरपूर आहेत. मेक्सिकोतल्या टिहुआनाजवळच्या आपल्या हॉटेलात १९३८ च्या सुमाराला आपण ती एका नटीसाठी बनवली, असं कार्लोस हेरेरा सांगत. मार्गारेट सेम्स या टेक्सासच्या बाई मेक्सिकोतल्याच अकापुल्कोमधल्या १९४८ सालच्या मेजवानीचा दाखला देत. मला हे दोन्ही दावे कमजोर वाटतात, कारण हेच तीन जिन्नस असलेलं ‘पिकाडोर’ नावाचं पेय १९३७ मध्येच लंडनच्या एका पुस्तकात छापून आलं होतं. जास्त पटतं ते वेगळंच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून ‘डेझी’ नावाची पेयं चालत होती : दारू, लिंबू, गोड लिकर आणि वर थोडा सोडा. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. पिणारे सीमा ओलांडून मेक्सिकोत जात, आणि तिथं हाताशी असायची ती टकिला, तीच डेझीत पडू लागली असावी. डेझीच्या फुलाला स्पॅनिशमध्ये मार्गारिटाच म्हणतात. डिसेंबर १९५३ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकानं याच नावानं कृती छापली आणि नाव कायमचं रुळलं.

आता टकिलाकडे येऊ, कारण आपल्या दृष्टीनं खरी गंमत तिथं आहे. टकिला होते निळ्या अगावेपासून. हे झुडूप तयार व्हायला सहा-सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मग त्याची काटेरी पानं छाटून मधला जड गड्डा काढतात, भाजतात, पिळतात, रस आंबवतात आणि त्यातून दारू गाळतात. मेक्सिकोतले मूळ लोक अगावेचा गोड रस आंबवून केलेली ‘पुल्के’ स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून पीत होते. ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेतून दारू गाळणं, मात्र नंतर आलं. हलिस्को प्रांतातल्या टकिला गावाभोवती हा धंदा वाढला. १७९५ मध्ये कुएर्वो घराण्याला स्पेनच्या राजाकडून त्याचा परवाना मिळाला. १९७४ मध्ये मेक्सिकोनं टकिला या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं, आणि २००६ मध्ये अगावेची ती शेतं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

याच कुळातली दुसरी एक जात आपल्या डोळ्यांसमोर वाढते आणि आपण तिच्याकडे बघतही नाही. घायपात! मूळची मेक्सिकोचीच ही वनस्पती पश्चिम महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, माळाच्या कडेला कुंपण म्हणून लावली गेली आणि इथलीच होऊन बसली. तिची पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, वाख, म्हणजे धागा, काढायचा, आणि वाखापासून दोर वळायचे. कासरे, दावी, चऱ्हाटं, सोल, मोटेचे नाडे. मातंग समाजातल्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बेंदराला बैलाच्या गळ्यात नवं दावं पडायचं, तेही बऱ्याचदा घायपाताच्या वाखाचं. नायलॉन आला आणि हा उद्योग मागं पडला, घायपात मात्र बांधावर उभंच राहिलं. मेक्सिकोनं ज्या कुळातून दारू काढली, त्याच कुळातून आपण शेतीचं दोरखंड काढलं. एकाच कुळाच्या या दोन वापरांची दखल आपल्याकडे फारशी कुणी घेतलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू बनवण्याचा व्यावसायिक प्रयत्नही झाला आहे. ‘डेसमंडजी’ नावाचं अगावेचं मद्य २०११ मध्ये गोव्यात बाजारात आलं. टकिला हे नाव मेक्सिकोबाहेर वापरता येत नाही, म्हणून अशा बाटल्यांवर फक्त अगावे असं लिहिलेलं असतं. इथं एक गोष्ट बजावून सांगायला हवी. बांधावरचं घायपात तोडून घरी काही करून बघायला जाऊ नका. त्याच्या रसानं अंगाला खाज सुटते, आग होते, आणि घरी दारू गाळणं बेकायदा तर आहेच, जिवावरही बेतू शकतं.

दुसरा जिन्नस लिंबू. मेक्सिकोत मार्गारिटात पिळतात ते छोटं, पातळ सालीचं, भरपूर आंबट लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. वनस्पतिशास्त्रानं दोन्ही एकच. लिंबूवर्गीय फळांचं मूळ आशियात. अरबांनी ती भूमध्य समुद्रापर्यंत नेली, स्पॅनिशांनी अटलांटिकपलीकडे. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाच्या जहाजांवर लिंबूवर्गीय फळांच्या बिया होत्या आणि ऊसही होता. मार्गारिटाचा आंबटपणा आणि गोडवा, दोन्ही असे आपल्या बाजूनं तिकडे गेले. अमेरिकेतल्या बारमध्ये आज मोठं, बिनबियांचं लिंबू वापरतात. त्याला रस जास्त, पण कागदी लिंबाचा वास त्याला नाही. कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या लिंबांची मार्गारिटा या एका बाबतीत त्यांच्यापेक्षा अस्सल होते.

आणि आंबा. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं फिलिपिन्समधलं मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यात ये-जा करत होती. भारतातून आग्नेय आशियात पोचलेला आंबा या मार्गानं मेक्सिकोत उतरला. तिथं एका लाडक्या जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. याच जहाजांवरच्या फिलिपिनो खलाशांनी माडाची ताडी काढण्याची कला मेक्सिकोतल्या कोलिमाच्या किनाऱ्यावर नेली. अगावेची दारू गाळण्याच्या तंत्रावरही त्यांच्या भट्ट्यांचा प्रभाव पडला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

उलट्या दिशेनं आपल्याकडे जे आलं त्याची यादी तर दमवणारी आहे : पेरू, पपई, अननस, चिकू, सीताफळ, रामफळ, काजू, भुईमूग. आणि मिरची. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती गोव्यात आणली. कांदा-लसूण मसाला, तांबडा रस्सा, मिसळीचा कट, या सगळ्याचा तिखटपणा मूळचा मेक्सिकोकडचा. मेक्सिकोत रस्त्यावर आंब्याच्या फोडींवर मीठ, लिंबू आणि मिरचीची पूड घालून देतात. आपल्याकडे शाळेबाहेर कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून मिळतं. दोन्ही समाजांना ही चव आपापली सुचली, आणि दोघांकडचा एक जिन्नस दुसऱ्याकडून आलेला!

फळं मार्गारिटात मोठ्या प्रमाणावर शिरली ती बर्फामुळं. १९५० च्या दशकात घरोघरी मिक्सर आले आणि बर्फ घालून घुसळलेली मार्गारिटा अमेरिकेत लोकप्रिय झाली. डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ या तरुणाच्या हॉटेलात गर्दी इतकी वाढली की मिक्सरवर प्रत्येक ग्लास वेगळा करणं जमेना, आणि चवही दर वेळी बदलायची. दुकानातल्या बर्फाळ सरबताच्या यंत्रावरून त्याला कल्पना सुचली. त्यानं सॉफ्ट आइस्क्रीमचं जुनं यंत्र घेऊन त्यात फेरफार केले आणि मे १९७१ मध्ये गोठलेली मार्गारिटा त्यातून काढून दाखवली. साखर आणि दारूचं प्रमाण जमलं तरच मिश्रण दगडासारखं न गोठता मऊ राहतं, ही त्यातली मेख. ते यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. यंत्रात गर घालणं सोपं असल्यानं स्ट्रॉबेरी, आंबा, पीच अशा मार्गारिटा तिथून पुढं पसरल्या.

बर्फ आणि फळं एकत्र आणायला कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नव्हती. इथं कॉकटेल मागितलं की उंच ग्लासात फळांचे तुकडे आणि आइस्क्रीमचे थर येतात, दारूचा थेंबही नसतो. बर्फाचा गोळा आहेच. म्हणूनच बिनदारूची मार्गारिटा इथल्या घरांत सहज सामावली. दारू घालायची असेल तर महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.

कृतीत अवघड काही नाही. दारूवाल्या मूळ मार्गारिटाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ५० मिली टकिला, २० मिली संत्र्याचं लिकर आणि १५ मिली लिंबूरस असं आहे. बिनदारूच्या चार ग्लासांसाठी दोन पिकलेल्या हापूसांचा गर, चार कागदी लिंबांचा रस, एक कप ताज्या संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस, चिमूटभर मीठ आणि दोन-तीन कप बर्फाचा चुरा. हापूसात आंबटपणा कमी, म्हणून लिंबू सढळ हातानं पिळावं. अननसाला त्याच्या निम्मं पुरतं. कलिंगडाच्या फोडीच फ्रीजरमध्ये गोठवून घ्याव्यात, म्हणजे बर्फ घालून चव पातळ होत नाही. गगनबावडा, राधानगरीकडची करवंदं मिळाली तर काळीभोर पिकलेलीच घ्यावीत, कच्च्याला चीक असतो, आणि घुसळल्यावर गाळून घ्यावं. दारू नसली की मिश्रण फ्रीजरमध्ये कडक गोठतं, तेव्हा आधी करून ठेवू नये. पाहुणे बसले की मिक्सर लावावा.

गोडव्याबद्दल एक सुचवतो. १९९० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत हुलिओ बेर्मेहो यांनी संत्र्याचं लिकर काढून त्याजागी अगावेचा पाक घालायला सुरुवात केली, आणि ती पद्धत जगभर मान्य झाली. आपल्याकडे त्या पाकाच्या जागी गुऱ्हाळावरची काकवी आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काकवीची बाटली अजून फडताळात मागंच राहते. अननसाच्या किंवा कलिंगडाच्या मार्गारिटात ग्लासामागे दोन चमचे काकवी घाला, लिंबू थोडं वाढवा. हापूसात मात्र घालू नका, त्याचा वास दबून जातो.