त्रिकोण होतो का? कोणतीही एक बेरीज करून कळत नाही

"दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी आली की त्रिकोण होतो" हे अर्धवट पाठांतर वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यातला 'कोणत्याही' हा शब्द गळतो आणि उत्तर चुकतं. ३, ४, ८ घ्या. ३ + ८ = ११, म्हणजे ४ पेक्षा मोठी; झालं, 'होतो' लिहिलं जातं. आता ८ सेमीचा रेषाखंड काढा, एका टोकावरून ३ सेमीचा आणि दुसऱ्यावरून ४ सेमीचा कंस मारा. रेषेवर मध्ये १ सेमी जागा उरते, कंस भेटतच नाहीत.

तिन्ही बेरजा कराव्या लागत नाहीत. सर्वांत मोठी बाजू निवडा. उरलेल्या दोघींची बेरीज तिच्यापेक्षा मोठी हवी. बाकीच्या दोन बेरजांत मोठी बाजू असतेच, त्या आपोआप जमतात.

बरोबरीही चालत नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) ३, ६, ९ हेच उदाहरण दिलंय आणि त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवायला सांगितलंय. किती नेमकी युक्ती! काड्या एका रेषेत आडव्या पडतात.

प्रोग्राम लिहिताना मात्र जपा: बाजू ०.१, ०.२, ०.३ मीटर असतील तर ०.१ + ०.२ ही बेरीज संगणकात ०.३ पेक्षा किंचित जास्त भरते आणि नसलेला त्रिकोण 'होतो'. मीटरऐवजी मिलिमीटर घ्या: १००, २००, ३००; पूर्णांकांची बेरीज नेमकी भरते.