आधारदांडा (न्हाणीघरातील)

आधारदांडा : न्हाणीघरात व शौचालयात बसता-उठताना, वळताना किंवा उंबरा ओलांडताना हाताने धरण्यासाठी भिंतीत पक्का बसवलेला धातूचा दांडा. हार्डवेअरच्या दुकानात त्याला ‘ग्रॅब बार’ म्हणतात. प्लंबर मात्र त्याला ‘हँडल’ म्हणतो, नाहीतर ‘रॉड’, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते, कारण टॉवेल वाळत घालायचा असतो तोही रॉडच. टॉवेलच्या रॉडला ओल्या पंच्याचे वजन पेलायचे असते. आधारदांड्याला पाय घसरलेल्या माणसाचे अख्खे वजन, तेही झटक्यासह, पेलावे लागते. चकाकी सारखीच असल्याने दोन्ही वस्तू एकाच फळीवर मांडलेल्या असतात, आणि घरातली आजी घाबरून जो रॉड धरते तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो.

गुडघ्यांची झीज, संधिवात, अर्धांगवायू, कंपवात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे, गरोदरपणाचे शेवटचे महिने, अधू दृष्टी किंवा नुसते वय, यांपैकी काहीही दांड्याची गरज निर्माण करते. गरज मान्य करणे हा वेगळा भाग. ‘मी काय एवढा म्हातारा झालोय का?’ असे म्हणून दांडा लांबवणारी मंडळी घरोघरी आहेत, आणि दांडा बहुतेक वेळा पहिल्या पडण्यानंतरच येतो.

पार्श्वभूमी : अमेरिकेत पोलिओच्या साथी आणि दुसऱ्या महायुद्धातून अपंगत्व घेऊन परतलेले सैनिक यांमुळे इमारतींच्या रचनेकडे नव्याने पाहिले गेले. इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून 1961 मध्ये ‘ए 117.1’ हे सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही इमारत सहज वापरता यावी यासाठीचे, पहिले राष्ट्रीय मानक निघाले. 1990 च्या अपंगत्वविषयक अमेरिकी कायद्याने अशा मापांना सक्तीचे बळ दिले. भारतात ‘सुगम्य भारत अभियान’ 3 डिसेंबर 2015 रोजी सुरू झाले, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला आणि सार्वत्रिक सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने 2021 मध्ये नव्याने काढली. या सगळ्यांचा रोख सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे. आपल्या घरातल्या चार बाय सहाच्या मोरीत दांडा कुठे हवा, हे सांगायला तिथे कुणी येत नाही.

ते सांगू शकणारा व्यवसाय आहे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), म्हणजे आजारी वा अपंग माणसाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. या विषयाचे भारतातील शिक्षण मुंबईत सुरू झाले : परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या. व्यवसायोपचारतज्ज्ञ आधी माणूस कसा उठतो ते पाहतो आणि मग भिंतीकडे वळतो. घरोघरी नेमके याच्या उलट चालते.

मापे : अमेरिकी मानकानुसार दांड्याच्या वरच्या कडेची उंची तयार जमिनीपासून 33 ते 36 इंच (सुमारे 84 ते 91 सेंमी.), गोल दांड्याचा व्यास सव्वा ते दोन इंच आणि दांडा व भिंत यांमधील अंतर दीड इंच असते. हे दीड इंच सहज ठरलेले नाही. अंतर कमी असेल तर बोटांची पेरे भिंतीला घासतात. जास्त असेल तर पडताना कोपरापर्यंतचा हात दांड्यामागे शिरून अडकतो आणि हाड मोडते. दांड्याने आणि त्याच्या जोडणीने 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो वजनाइतका भार सोसला पाहिजे, अशीही अट आहे.

उंचीबाबत मात्र देशोदेशी एकमत नाही. ब्रिटनच्या नियमांत कमोडशेजारचा आडवा दांडा 68 सेंमी.वर येतो, म्हणजे अमेरिकेपेक्षा जवळजवळ वीतभर खाली. कमोडवरून उठताना तळहात टेकवून अंग वर ढकलायचे असेल तर दांडा बैठकीच्या थोडाच वर लागतो. उभ्याने तोल सावरायला तोच दांडा कमरेजवळ बरा पडतो. एका दांड्याने दोन्ही कामे नीट होत नाहीत. त्यात पाच फुटांच्या आईसाठी साडेपाच फुटांच्या मुलाने स्वतःच्या हाताने खूण केली, तर दांडा कायमचा चुकीच्या जागी बसतो.

जागा ठरवण्याची खात्रीची रीत साधी आहे. फरशी कोरडी असताना, अंगावर कपडे असताना, ज्याच्यासाठी दांडा आहे त्याने नेहमीच्या सगळ्या हालचाली करून दाखवायच्या : आत येणे, वळणे, बसणे, वाकून तांब्या घेणे, उठणे, बाहेर पडणे. सोबत एक जण उभा राहतो आणि हात आपसूक जिथे भिंतीला टेकतो तिथे चिकटपट्टी लावतो. हे शक्यतो सकाळी उठल्याबरोबर करावे. संधिवाताच्या माणसाचे सांधे तेव्हा सर्वांत आखडलेले असतात, दुपारी चार वाजता तोच माणूस दांड्याशिवायही उठून दाखवेल.

आडवा दांडा ढकलायला आणि सरकत जायला उपयोगी, उभा दांडा ओढून उठायला आणि उंबऱ्यापाशी तोल धरायला. तिरका दिसायला छान असतो, पण साबणाचा हात त्यावरून खाली घसरतो. अर्धांगवायूत दांडा चालत्या हाताच्या बाजूला हवा. मात्र आत जाताना जी बाजू उजवी, तीच बाहेर येताना डावी होते, त्यामुळे दाराशी दोन्हीकडे उभे दांडे लागतात. चाकाच्या खुर्चीतून कमोडवर सरकणाऱ्याला भिंतीकडचा दांडा पक्का आणि दुसऱ्या बाजूचा वर उचलून ठेवता येणारा हवा, नाहीतर खुर्ची जवळ येतच नाही. अधू दृष्टीच्या माणसासाठी पांढऱ्या टाइलवर चकचकीत स्टील हा सर्वांत वाईट रंगमेळ. तिथे गडद रंगाचा दांडा घ्यावा.

आपले न्हाणीघर : परदेशी चित्रांत आंघोळीचा टब असतो आणि बाकीची फरशी कोरडी असते. आपल्याकडे कमोड, बादली, नळ आणि माणूस एकाच ओल्या फरशीवर असतात. बादली-तांब्याने आंघोळ करणारा माणूस पाटावर किंवा स्टुलावर बसतो. उठताना त्याच्या हाताशी नळ येतो आणि तो नळच धरतो. नळ भिंतीतल्या पाइपाला नुसता पिळून बसवलेला असतो. तो निखळला तर माणूस पडतो, आणि गीझरची तोटी असेल तर भाजतोही. म्हणून बादलीशेजारच्या बाजूच्या भिंतीवर, बसल्या हाताला लागेल असा दांडा हा आपल्या घरात कमोडच्या दांड्याइतकाच महत्त्वाचा आहे. पाटाऐवजी रबरी पायांचे उंच स्टूल घेतले तर दांड्यावरचा भार निम्म्याने हलका झाल्यासारखा वाटतो.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठताना अंग आधी पुढे झुकते आणि मग वर येते. तिथे आडव्यापेक्षा बसल्या हातापासून उभ्या हातापर्यंत पोचणारा लांब उभा दांडा सोयीचा : दोन्ही हातांनी दोरावर चढावे तसे त्यावर वर सरकता येते.

भिंत : दांडा भिंतीइतकाच मजबूत असतो. हा एक मुद्दा कळला तर बाकीचे अर्धे आपोआप कळते. इंटरनेटवरील बहुतेक चित्रफिती अमेरिकी घरांतल्या. तिथली भिंत म्हणजे सोळा-सोळा इंचांवर उभे केलेले लाकडी खांब आणि वर जिप्समचे पत्रे, म्हणून तिथे खांब हुडकून त्यात स्क्रू मारतात. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांसाठी तो सल्ला बरोबर. पुण्याच्या विटेच्या भिंतीत तसा खांब शोधत बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे नऊ इंची विटेची भिंत आणि आर.सी.सी. या दोन्ही भरवशाच्या. चार इंची विटेची भिंत चालते, पण भोक आरपार जाता कामा नये. कोकणात व गोव्यात जुन्या घरांना जांभा असतो. जांभा जागोजागी सच्छिद्र, त्यामुळे एका भोकात घट्ट बसलेला स्क्रू शेजारच्या भोकात नुसताच फिरतो. तिथे राळेने भोकात चिकटवायचा बोल्ट, म्हणजे रासायनिक अँकर, बरा. नव्या इमारतींतले हलके एएसी ठोकळे सर्वांत फसवे. बाहेरून भिंत टणक वाटते, आत ठोकळा पावासारखा जाळीदार असतो आणि साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची नायलॉनची नळी, त्यात फुगून धरण्याऐवजी ठोकळाच चुरडते. त्यासाठीच बनवलेले लांब नायलॉनचे किंवा रासायनिक अँकर वापरावेत, आणि ड्रिलचे हॅमर चालू करू नये. बांधकाम चालू असेल तर दांड्याच्या जागी काँक्रीटचा ठोकळाच घालून घ्यावा. पातळ किंवा संशयास्पद भिंतीला आणखी एक जुना, न लाजता करावा असा उपाय आहे : बोल्ट आरपार काढून पलीकडच्या खोलीत पोलादी पट्टीवर नट कसणे. पट्टी कपाटामागे लपते.

स्क्रूची लांबी ही नेहमीची चूक. टाइल 8 ते 10 मिमी., तिच्यामागचा माल आणि त्याखालचे प्लास्टर मिळून आणखी दोन-तीन सेंमी. या थरांना काही पकड नसते. डब्यातला दोन इंची स्क्रू हे सगळे ओलांडून विटेत जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. तो कसला जातो, दांडा हलत नाही, मिस्त्री पैसे घेऊन जातो. टाइलवर टाइल चढवलेल्या नूतनीकरणात तर तो विटेपर्यंत पोचतही नाही. विटेत निदान दोन इंच शिरेल असा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि त्याच मापाची गिट्टी घ्यावी. ही नायलॉनची गिट्टी म्हणजे आर्टुर फिशर यांचा 1958 चा जर्मन शोध : स्क्रू शिरतो तशी ती फुगते आणि भोकाच्या कडांना दाबून धरते. म्हणूनच ती टाइलमध्ये अर्धवट राहता कामा नये, फुगताना टाइल तडकते. ती टाइल ओलांडून आत विटेत ढकलावी.

बसवणे : आधी टिचकी मारून टाइल पोकळ वाजते का ते ऐकावे. पोकळ टाइलवर दांडा बसवू नये. नळ, मिक्सर, गीझर व फ्लश यांच्या सरळ रेषेत वर-खाली व आडवे पाइप असण्याची शक्यता धरून चालावे. बांधकामाच्या वेळी टाइल लावण्याआधी काढलेला भिंतीचा फोटो या दिवशी सोन्यासारखा उपयोगी पडतो. पाण्याचा मुख्य कॉक व त्या भागाची वीज बंद करावी.

खुणेवर चिकटपट्टी लावून टाइलचे भोक हॅमर बंद ठेवून, सावकाश, टाइलच्या बिटाने पाडावे. विट्रिफाइड टाइलला हिऱ्याचे बिट लागते. टाइल ओलांडली की मगच विटेसाठी किंवा काँक्रीटसाठी हॅमर सुरू करावे. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढावी, भुकटीवर बसलेली गिट्टी घसरते. आर.सी.सी.त सळई लागली तर जोर न करता जागा बदलावी. दोन्ही टोकांच्या चकत्यांना असलेली सगळी, साधारण तीन-तीन, भोके वापरावीत; ‘दोन पुरे’ म्हणणाऱ्याला थांबवावे. स्क्रू मारण्याआधी भोकात व चकतीमागे सिलिकोन भरावे, नाहीतर पाणी भिंतीत उतरते. खाली शेजारी असतील तर सोसायटीच्या पुढच्या सभेचा विषयही तयार होतो. जमिनीत पाय रोवणारा दांडा बसवायचा तर फरशीखालचा कोबा आणि जलरोधक थर भोकला जातो. भिंतीचा पर्याय असेल तर ते टाळावे.

सिलिकोनला एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. मग घरातल्या सर्वांत वजनदार, धडधाकट माणसाने दांडा खाली आणि बाहेर, दोन्ही दिशांनी, हळूहळू जोर वाढवत ओढून पाहावा. किंचितही हलला तर आणखी कसू नये, काढून पुन्हा बसवावा. आजोबांवर चाचणी घेऊ नये.

दांड्याची प्रत : 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील पुरेसे; खाऱ्या हवेत 316 अधिक टिकते. दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे 304’ असे सांगतो. स्वस्त 202 प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा निरुपयोगी आहे. दांडा व चकती यांची वेल्डिंग सलग आहे का आणि पृष्ठभाग खरबरीत आहे का, हे पाहणे जास्त कामाचे.

व्हॅक्यूमच्या चकत्यांनी भिंतीला चिकटणारे दांडे भाड्याच्या घरासाठी म्हणून विकले जातात. दुकानाच्या गुळगुळीत काचेवर ते घट्ट बसतात. टाइलची सांध, साबणाचा थर किंवा दमटपणा यांनी हवा शिरली की ते न सांगता सुटतात, आणि नेमके भार पडला की सुटतात. त्यांवर शरीराचे वजन सोपवू नये. घरमालक भोके पाडू देत नसेल तर कमोडभोवती उभी राहणारी हातांची चौकट किंवा कमोड खुर्ची हा प्रामाणिक पर्याय आहे.

निगा : दर दोन-तीन महिन्यांनी दांडा ओढून पाहावा. चकतीखालून तपकिरी ओघळ दिसला तर आत पाणी शिरून स्क्रू गंजू लागला आहे, असे समजावे. बोअरच्या पाण्याने दांड्यावर पांढरा थर बसतो आणि तो काढायला संडासाचे ॲसिड वापरले जाते. त्यातल्या मिठाच्या आम्लाने स्टेनलेस स्टीलही खड्डे पडून गंजते. ओले फडके आणि थोडे व्हिनेगर त्यासाठी पुरते, नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्यावे.