इम्युनिटी कमी नाहीये, भलतीकडे लागलीय

शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, मुलांची इम्युनिटी वाढवा, हा काढा रोज उपाशीपोटी द्या. माझ्या भाच्याला बालदमा आहे, त्याच्या आजीने दोन वर्षं तो काढा इमानेइतबारे पाजला आणि दोन्ही वर्षी जूनच्या शेवटी रात्री दीड वाजता पोरगं उठून बसलेलं, पोट उडतंय, गळ्याखाली खड्डा पडतोय, श्वास सोडताना शिट्टी. वर्गातल्या बाकीच्यांचं त्याच सर्दीत नुसतं नाक गळत होतं.

मग याची इम्युनिटी कमी का? गंमत तिथेच आहे.

अशी सर्दी बहुतेक वेळा रायनोव्हायरसची. त्याचे दीडशेच्या वर प्रकार, त्यामुळे लस काही अजून जमलेली नाही. 1995 मधे इंग्लंडमधल्या 9 ते 11 वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास आला, त्यात दमा उसळला की दर पाचातल्या चार वेळा कुठला ना कुठला सर्दीपडशाचा व्हायरस सापडला, आणि रायनो सगळ्यात पुढे.

आता माझी लाडकी पेशी. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेल, आपण पीडीसी म्हणू. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शंभरात एकसुद्धा भरत नाही, पण व्हायरस दिसला की इंटरफेरॉन सोडण्यात हिचा हात कोणी धरत नाही. इंटरफेरॉन म्हणजे दवंडी, ती ऐकली की शेजारच्या पेशी व्हायरस यायच्या आधीच कड्या लावून घेतात. व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, ओळखणारा टीएलआर-7 हा रिसेप्टर (ठरावीक खूण पकडणारा रेणू) या पेशीच्या आत असतो. आणि तिच्याच बाहेरच्या अंगावर आयजीई धरून ठेवणारा रिसेप्टर असतो. आयजीई म्हणजे अ‍ॅलर्जीवाली अँटीबॉडी, धुळीतले माइट, परागकण, झुरळं यांच्यावर डूख धरून बसलेली. अ‍ॅलर्जिक मुलांत ही पण जास्त आणि पीडीसीवर तिचे रिसेप्टर पण जास्त. गादीतल्या माइटचा कण आला, दोन-तीन आयजीई त्याला एकदम चिकटले, रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले गेले की टीएलआर-7 कडून येणारा सिग्नल आतल्या आत दाबला जातो. दवंडी उशिरा आणि बारीक आवाजात. उलट बाजूने इंटरफेरॉन भरपूर असेल तर आयजीईचे रिसेप्टर कमी होतात, म्हणजे दोघांची एकमेकांवर कुरघोडी चालूच, आणि दम्याच्या मुलात अ‍ॅलर्जीचं पारडं आधीच जड. तेवढ्यात श्वासनलिकेच्या अस्तरातून आयएल-33, टीएसएलपी असे बोंब मारणारे रेणू सुटतात, ते आयएल-5 आणि आयएल-13 हे सूज भडकवणारे निरोप सोडणाऱ्या पेशींना उठवतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, चिकट कफ, सूज, नळ्या आवळलेल्या. झाला अटॅक.

हे नुसतं कागदावर नाही. अमेरिकेत सुट्टीनंतर शाळा उघडल्या की सप्टेंबरात मुलांचा दमा उसळतो. 2015 मधे तिथला एक अभ्यास छापून आला, त्यात काही मुलांना शाळा उघडायच्या 4 ते 6 आठवडे आधीपासून ओमॅलिझुमॅब दिलं होतं, हे आयजीईला पकडून ठेवणारं इंजेक्शन. अटॅक कमी झाले, आणि त्यांच्या रक्तातल्या पेशींना लॅबमधे रायनोव्हायरस दाखवल्यावर इंटरफेरॉन जास्त निघालं. एक अँटीबॉडी कमी केली तर व्हायरसशी लढायची ताकद वाढली! आता बूस्टरवाल्यांनी सांगावं नेमकं काय बूस्ट करणार ते.

मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर औषध म्हणून जिवंत मासा गिळणारेही आहेत, त्यात लहान पोरंही. मासा पोटात जातो हो, सूज श्वासनलिकेत आहे. आणि जो स्टिरॉइडचा पंप ती सूज खरोखर उतरवतो त्याची म्हणे "सवय लागते".

कोविडने मात्र चकवलं. आयएल-13 मुळे एसीई-2, म्हणजे कोरोनाचं पेशीत शिरायचं दार, कमी होतं, आणि 2020 मधेच दिसलं की अ‍ॅलर्जिक दमा असलेल्या मुलांच्या नाकात ते कमी आहे. ज्या गडबडीने रायनोला रान मोकळं मिळतं तीच इथे दार अरुंद करते.

भाच्याचा रोजचा पंप डॉक्टरांनी यंदा मे मधेच परत सुरू केलाय, पंपाला लावायच्या नळकांड्यावर, म्हणजे स्पेसरवर, डायनोसॉरचं स्टिकर आहे, गाद्या दर रविवारी उन्हात. काढा आता आजी स्वतःच पितात.