डाळिंब फोडण्याआधी: सालीवरचे जिवाणू आणि अँटिबायोटिकचा प्रश्न

“डाळिंबावर अँटिबायोटिक फवारतात म्हणे, धुतलं की जातं का?” पेटी घेणारे बरेच ग्राहक हे विचारतात. एका शब्दात उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्रक.

डाळिंबावर तेल्या नावाचा रोग येतो. झँथोमोनस गटातला जिवाणू पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पाडतो, आणि डागावरच फळ तडकतं. सोलापूर-सांगोला पट्ट्यात त्यावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लीन हे अँटिबायोटिक फवारलं गेलं, बहुतेकदा ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळून. त्यात 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि 10 टक्के टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड असतं. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसांच्या क्षयरोगावरचं औषध. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला.

इथे प्रश्न दोन आहेत: फळावर राहिलेला औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू वेगळे. अंश प्रयोगशाळेत मोजता येतो. मात्र कीडनाशकांच्या नेहमीच्या तपासणीत स्ट्रेप्टोमायसिन सहसा धरलं जात नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. ‘रेसिड्यू फ्री’ (म्हणजे औषधाचा अंश नसल्याचा) अहवाल कुणीही दाखवला तरी यादीत हे नाव आहे का ते बघा. आणि नाव असलं तरी तो अहवाल जिवाणूंबद्दल काहीच सांगत नाही. रोधकता, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, देणारी जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) असतात आणि मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूकडून आतड्यातल्या जिवाणूकडे जाऊ शकतात. असे जिवाणू फवारणीशिवायही फळावर येतात: कच्चं शेणखत, सांडपाणी मिसळलेलं पाणी, तोडणीचे हात आणि क्रेट.

दिलासा एवढाच की औषधाला न जुमानणारा जिवाणू क्लोरीनने आणि उष्णतेने साधारणपणे इतरांसारखाच मरतो. त्याच्यासाठी महागडं ‘फ्रूट वॉश’ नको.

पॅकहाऊसमध्ये 100 पीपीएम (दर लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम) क्लोरीन वापरतात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 4 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 25 मिली. पाण्याचा सामू (पीएच) 6.5 ते 7.5 हवा, 8 च्या वर क्लोरीनची ताकद झपाट्याने उतरते. माती-पाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून मातीची फळं आधी साध्या पाण्यात धुवायची आणि टाकीतलं पाणी क्लोरीन मोजायच्या पट्टीने तपासत राहायचं. सर्वांत जास्त चुकतं ते तापमान. उन्हातलं गरम फळ थंड पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि मुकुटातून (फळाच्या टोकावरच्या पाकळ्यांसारख्या भागातून), तड्यांतून पाणी आत ओढलं जातं. मग साल धुऊन उपयोग काय? पाणी फळापेक्षा साधारण 5 अंश गरम हवं. 1999 मध्ये अमेरिकेत ब्राझीलच्या आंब्यांतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरला, तेव्हा गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतर फळं थंड पाण्यात बुडवण्यावरच संशय गेला होता.

घरी फळ वाहत्या नळाखाली हाताने चोळून अर्धा मिनिट धुवा, मुकुटाच्या आत बोट फिरवा, कोरड्या कापडाने पुसा आणि मगच सुरी लावा. सुरी सालीतून दाण्यात जाते, तिच्यासोबत सालीवरचं सगळं जातं. साबण नको. मिठाच्या पाण्यावर किंवा खाण्याच्या सोड्यावर जिवाणूंसाठी विसंबू नका. नीट धुतल्याने जिवाणू बरेच कमी होतात, संपत नाहीत. पेटी आली की लगेच सगळी फळं धुऊन ठेवू नका, ओल राहिली की मुकुटातून बुरशी धरते.

सोललेले दाणे दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, 5 अंशांखाली ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. दाणे आंबट असतात, त्यामुळे जिवाणू सावकाश वाढतात, पण तग धरतात. गोठवूनही भागत नाही: 2013 मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या तुर्की डाळिंबदाण्यांतून कावीळ ‘अ’ पसरली. तो विषाणू, त्याला अँटिबायोटिक तसंही लागू पडत नाही. रसवाल्यांनी बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्यावा आणि मिक्सरचं भांडं पातं उघडून दर दोन-तीन तासांनी धुवावं. पात्याखालच्या रबरी रिंगेत साचलेला चोथा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तडकलेलं किंवा काळ्या डागाचं फळ तेवढा भाग कापून वापरू नका. पेटी मिळाल्या दिवशीच फोटो पाठवा, फळ बदलून मिळेल.